नीलकवचचा शेवट

‘नीलकवच’चा शेवट लेचापेचा आहे, असं वसुधाचं परीक्षण पेपरात छापून आलं, त्याच दिवशी तिला फोन आला. ज्या जुन्या पॉकेटबुकांवरून हा सिनेमा बनला, त्यांचे लेखक खोपकर बोलत होते.

"मला आता दिसत नाही. नातीनं तुमचं परीक्षण वाचून दाखवलं. नीलकवच शेवटी स्वतःहून चौकीत हजर होतो का हो? त्याच्याऐवजी पकडलेला निरपराध वॉचमन सुटावा म्हणून?"

वसुधाला माहीत नव्हतं. मुखवटेवाल्यांचा पोरखेळ म्हणून ती मध्यंतरालाच उठून आली होती. ती म्हणाली, "काका, मी शेवट पाहिलाच नाही."

ते म्हणाले, "रविवारी मला घेऊन चला."

थिएटरात ती त्यांच्या कानाशी पडद्यावरचं सांगत राहिली. शेवटी मारामारी नव्हती, संगीतही नव्हतं. चौकीच्या बाकावर एक मध्यमवयीन माणूस मुखवटा मांडीवर ठेवून मुकाट बसला होता. तेही तिनं त्यांना सांगितलं.

"असाच लिहिला होता मी," खोपकर म्हणाले.

तिनं संपादकांना नवं परीक्षण पाठवलं. पहिलं वाक्य होतं, ‘मागचं परीक्षण मी अर्धा सिनेमा पाहून लिहिलं होतं.’