कोर्ट उठेपर्यंत

"नाही," मास्तर म्हणाले. "तुझ्या नावावर एकही केस नाही. जा, सुटलीस."

ती खिडकीपाशीच उभी राहिली. "पण आहे हो. आठ वर्षांपूर्वीची. लाल सिग्नल तोडला होता मी. पुन्हा एकदा बघा ना, मास्तर."

वाहतूक कोर्टाच्या रेकॉर्डरूमचे हे कारकून कुणाला नुसतं उत्तर देऊन वाटेला लावत नसत. शोधायचं कसं ते शिकवूनच सोडत. म्हणून सगळं कोर्ट त्यांना मास्तर म्हणे. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय. लोक येतात ते माझं नाव नसू दे म्हणत. नाव सापडू दे म्हणून हटून बसलेली तू पहिलीच."

"उद्यापासून शाळेच्या बसवर चालक म्हणून लागतेय मी. त्यांनी कोर्टाचा दाखला मागितलाय, गुन्हा आहे की नाही त्याचा. चाळीस पोरं बसणार माझ्या मागे. खोटा कागद कसा देऊ?"

मास्तरांनी आडवी फळी उचलली आणि तिला आत घेतलं.

"आता सांग. सिग्नलवरच्या पोलिसाला तुझं नाव ठाऊक होतं?"

"कसं असेल? त्यानं शिट्टी मारली, पण मी थांबलेच नाही."

"मग त्यानं काय लिहून घेतलं असेल?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "गाडीचा नंबर."

"हां! मग नावामागे कशाला धावतेस? पोलिसाला जे दिसलं तिथून सुरुवात कर." त्यांनी एक जाडजूड वही तिच्यापुढे सरकवली. "ही नंबरांची वही. यात केसचा क्रमांक मिळेल. तो घेऊन त्या वर्षाची वही काढायची. बोट ठेवून वाच, घाई नको."

स्कूटर विकून पाच वर्षं झाली होती, तरी नंबर तिला तोंडपाठ होता. तिनं बोट ठेवून क्रमांक शोधला. वरच्या फळीवरची वही स्वतःच खाली काढली, धूळ झटकली, पान उलटलं. वाचलं. परत वाचलं.

आरोपीच्या जागी तिच्या वडिलांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, वाहन कोण चालवत होते? मी स्वतः. गुन्हा पहिला, सिग्नल तोडणे. कबूल. गुन्हा दुसरा, परवाना नसताना वाहन चालवणे. कबूल.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "बाबांना स्कूटर येतच नाही. शिंपी आहेत ते. सायकल आणि शिलाई मशीन, या दोन पायडलांपलीकडे त्यांचा पाय गेला नाही कधी."

"सही बघ."

सही त्यांचीच होती. कच्ची टीप घालावी तसं एकेक अक्षर सावकाश ओढलेलं.

"गाडी कुणाच्या नावावर होती?"

"त्यांच्याच. मी तेव्हा शिकत होते."

"मग नोटीस त्यांनाच गेली. मालकाला कोर्ट एवढंच विचारतं, गाडीवर कोण होतं?"

"पण नोटीस आली तेव्हा मला म्हणाले, मी बघतो, तू परीक्षेला जा. मला वाटलं, माझ्यातर्फे कागद भरून आले." ती पानाकडे बघतच राहिली. "असं का लिहिलं असेल त्यांनी?"

"ते लिहायला या वहीत रकाना नाही, पोरी."

तिचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत.

"म्हणजे काय, मास्तर?"

"कोर्टात शेवटच्या बाकावर बसून राहायचं. उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. न्यायाधीश उठून गेले की शिक्षा संपली."

त्या दिवशी बाबा दिवेलागणीला घरी आले होते. कंबर धरून. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळून परत गेली होती. 'रांग फार मोठी होती गं,' एवढंच ते म्हणाले होते. आणि ती त्यांच्यावरच उखडली होती. एक कागद भरायला अख्खा दिवस घालवला, तुम्हाला ना काही म्हणजे काही जमत नाही!

"हे दुरुस्त करता येतं?" तिनं विचारलं.

"येतं की. अर्ज कर. मग कोर्ट तुझ्या बाबांना बोलवेल आणि विचारेल, तेव्हा खोटं का बोललात?"

तिनं वहीवरचं बोट उचललं.

"तुझं नाव या वहीत कुठंच नाही," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "दाखला तसाच निघेल. लिहू?"

तिनं पुन्हा त्या शेवटच्या रकान्याकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "आज कोर्ट किती वाजता उठेल?"

"पाच तर वाजतीलच. का?"

"दाखला लिहून ठेवा. पाचनंतर घेऊन जाते."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि वही मिटली.

कोर्टाच्या दारात शिपायानं तिला अडवलं. "केस कुणाची?"

"आमचीच."

"बसा मागे. मोबाइल बंद."

ती बंद करणार तेवढ्यात तो वाजला. पलीकडे शिलाई मशीन खडखडत होतं.

"मिळाला का गं दाखला?"

"अजून नाही, बाबा. रांग फार मोठी आहे. कोर्ट उठेपर्यंत थांबावं लागेल."

मशीन थांबलं. शिपाई खुणेनं मोबाइल बंद कर म्हणत होता.

"भिंतीकडच्या बाजूला बस," शेवटी बाबा म्हणाले. "त्या बाकाचा दुसरीकडचा पाय लंगडा आहे."