इंदुताईंची जीभ अडली

कुसुमनं नव्या बोअरच्या पाण्याचा पहिला पेला थोरल्या जावेपुढे धरला. "घ्या ताई, मुहूर्त तुमच्या हातून. उद्यापासून सगळ्या आळीला हेच पाणी."

बोअर घेतली होती बंद रसायन कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत. त्या जमिनीत काय पुरलंय, हे तिथल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या इंदुताईंना पक्कं ठाऊक होतं.

"कुसुम, या पाण्यात..." त्यांची जीभ जागीच थांबली. पेन्सिल उचलली, तर बोटं आखडली. नोकरीला लागताना मेंदूत बसवलेल्या चिपच्या गाभ्यातच नियम होता: गोपनीय शिक्क्याची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. कारखाना बंद पडला तरी नियम चालूच होता आणि तो सैल करणं खुद्द इंदुताईंच्याही हातात नव्हतं.

कुसुम घाबरली. "ताई, झटका आला की काय? माझं नाव सांगा."

"कुसुम."

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मग पाणी चांगलं आहे ना?"

इंदुताईंच्या तोंडून शब्द फुटेना. मानही हलेना.

"बरं, खराब आहे?"

तेव्हाही तेच. डोळे मात्र भरून आले.

कारखान्याचं काही विचारलं की ताई अशाच गप्प होतात, हे कुसुमनं लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. तिनं पेला मोरीत ओतला, मोटार बंद केली आणि पदर खोचून शेजारच्या दाराची कडी वाजवली.