डावी मूठ

देवघरातली कुंकवाची डबी जागेवर नव्हती. मनोरमानं समईच्या मागं पाहिलं, फोटोच्या मागं पाहिलं, आणि मग स्वयंपाकघरातून तिला कानशीची खरखर ऐकू आली.

समिधा ओट्यापाशी उभी होती. पोह्यांच्या कढईशेजारी वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लाकडाचा भुसा, भुशात ती डबी सताड उघडी. मुलीचा डावा तळवा मनगटापर्यंत लालेलाल.

"अगं, देवाचं कुंकू ते! आणि फासलंस तेही डाव्या हाताला?"

"आई, प्लीज. दहा मिनिटं." सतरा वर्षांच्या मुलीनं मान वर केली नाही.

आठ वाजून गेले होते. दहाला क्लबात छर्‍याच्या पिस्तुलाची निवड चाचणी होती. चारशेपैकी तीनशेसाठ गुण केले तर रास अल खैमा अमिरातीच्या संघात, नाही तर खलास, असं कोचनं स्वच्छ सांगितलं होतं. पिस्तूल समिधानं स्वतः जोडलेलं. क्लबनं रीतसर परवानगी काढून किट मागवलं होतं. नळी, चाप, नेम धरायची माशी, सगळे सुटे भाग तिनं आठ शुक्रवार कोचच्या समोर बसून एकेक करून बसवले. ते पिस्तूल क्लबच्या कपाटात कुलूपबंद होतं. घरी आली होती ती फक्त त्याची मूठ. किटात मुठीच्या जागी फिकट लाकडाचा ठोकळा येतो आणि ज्यानं त्यानं तो आपल्या हाताला बेतून कोरायचा असतो. काल बसवून पाहिली तर मूठ हाताला कुठंतरी टोचत होती. टोचलं की हात हलतो, आणि हात हलला की नेम गेला.

"उजव्या हातानं काय वाईट चाललं होतं तुझं?" मनोरमानं विचारलं.

"थ्री-फोर्टी, आई. दोन वर्षं थ्री-फोर्टी. वाईटच चाललं होतं."

दोन महिन्यांपूर्वी कोचनं तिचा एकेक डोळा झाकून पाहिला होता आणि हसून म्हणाला होता, "बेटी, आँख तेरी लेफ्ट, हाथ राइट. इन दोनों का झगड़ा है." तेव्हापासून समिधा रोज डाव्या हातात पाण्याची दोन लिटरची बाटली धरून भिंतीसमोर उभी राहायची. घामाघूम व्हायची, दंड थरथरायचा, पण बाटली खाली येत नव्हती.

हे भांडण कुणी लावलं, ते मनोरमाला कोचपेक्षा चांगलं ठाऊक होतं. समिधा चार वर्षांची असताना मनोरमानंच तिचा डावा हात हिरव्या रिबिनीनं खुर्चीला बांधून तिला जेवायला बसवलं होतं. पोरगी रडायची, वरणभात सांडायची. सहा महिन्यांत सुधारली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणणार्‍या सासूबाईंना मनोरमानं ते कौतुकानं पत्रात लिहून कळवलं होतं.

"देवानं उजवा हात दिलाय की."

"डावा पण त्यानंच दिलाय. आय ॲम नॉट आस्किंग, आई." समिधानं मूठ घट्ट दाबून सोडली. सगळं लाकूड लाल. "श्शी! काहीच कळत नाही. जिथं हात जास्त दाबतो तिथंच डाग पडायला हवा, म्हणजे तेवढंच घासायचं. बाकीचे लिपस्टिक वापरतात. तू कुठं लावतेस!"

तिचा आवाज कापला. मनोरमानं तो ओळखला. वरणभात सांडायची तेव्हाही पोरगी अशीच बोलायची.

"इतकं फासतात का कुठं? दे इकडं."

तिनं ओल्या फडक्यानं आधी लाकूड पुसलं, मग मुलीचा तळवा. चिमूटभर कुंकवात तेलाचा थेंब घातला, आणि डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत, कपाळाला लावावं तसं हलक्या बोटानं पातळ लावलं.

"धर आता."

या वेळी लाकडावर एकच ठळक डाग उठला. अंगठ्याच्या खाली, मसुरीच्या डाळीएवढा.

"हाच!" समिधा ओरडली.

मनोरमानं ठोकळा दोन्ही हातांनी ओट्यावर दाबून धरला आणि समिधानं कानस चालवली. भुसा पोह्यांत उडाला. पुन्हा तेल, पुन्हा कुंकू, पुन्हा मूठ. तिसर्‍या खेपेला डाग उठलाच नाही. समिधानं मूठ धरून हात भिंतीकडं लांब केला, डोळा बारीक केला आणि तशीच उभी राहिली. हात जागचा हलला नाही.

खालून नवर्‍यानं, विष्णूनं, गाडीचा हॉर्न दिला. "यल्ला, चल लवकर, समिधा! साडेआठ झाले!"

समिधानं साबणानं हात धुतले, मूठ रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि बूट चढवले. पोहे तसेच राहिले. दारात मनोरमा वाटी-चमचा घेऊन उभी होती. परीक्षेला जाताना, विमानात बसताना, दरवेळी उभी राहायची तशी.

"दही-साखर. खाऊन जा."

समिधानं सवयीनं उजवा हात पुढं केला.

मनोरमानं चमचा वाटीतच ठेवला.

"तो नको," ती म्हणाली. "दुसरा दे."

समिधानं डावा हात हळूच पुढं केला. धुऊनही त्याच्या रेषांमधलं कुंकू गेलं नव्हतं. मनोरमानं त्यावर चमचाभर दही घातलं.