वेंडेलीनच्या घराण्याची ढाल
"विश्वास बसणार नाही, पण आमच्या पूर्वजाचा हात तुटल्यावरही लढत होता!" म्हातारा वेंडेलीन गरजला. मोरावियातल्या त्याच्या अंगणात सकाळीच डुक्कर कापलं होतं, त्या मेजवानीला गिरणीवाला ओत्मार आला होता. सरदारी घराणं असल्याशिवाय तो वेंडेलीनच्या नातवाला लेक देणार नव्हता. "तुटलेल्या हातानं एकाचं मुंडकं उडवलं, दुसऱ्याची आतडी काढली, मग कुऱ्हाड टाकून तिसऱ्याचा गळा आवळला! राजानं तोच हात आम्हांला कुलचिन्ह म्हणून दिला." त्यानं ढाल भिंतीला टेकवली. तिच्यावर लालभडक पंजा होता. "हे त्याचंच रक्त, सहाशे वर्षांपूर्वीचं!" ओत्मार वाकून पंजा न्याहाळू लागला. तेवढ्यात कुत्रं येऊन ढाल चाटू लागलं. आधी करंगळी गेली, मग अंगठा. "व्याहीबुवा," ओत्मार हसला, "पूर्वज संपायच्या आत कबूल करा, हे रक्त सकाळच्या डुकराचं ना?"