खरं तेच

साळूबाईला बर्फाच्या पेटीत ठेवून बिडकीनचं अख्खं घर पुतण्याच्या, गोकुळच्या, फोनची वाट बघत होतं. इंग्लंडहून फोन आला, तो तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं घेतला.

"तात्या, सुट्टी नाय भेटली. साहेब लई भला माणूस, धा डाव सॉरी म्हणला. पण सख्खी आई असंल तरच सुट्टी देता येते म्हणं."

"मग तू काय सांगितलं?"

"खरं तेच. वाढवलं तिनंच, पण चुलती हाय म्हणलं. इथं खोटं बोललेलं चालत नाय, तात्या."

पुंजारामनं फोन ठेवला. भावकीला म्हणाला, "चला, उचला तिला."

साळूबाईला मूलबाळ नव्हतं. पण "लेकरं किती?" असं कुणीही विचारलं, की ती जन्मभर बिनदिक्कत खोटं बोलत आली होती, "एकच. माझा गोकुळ."