नव्या भिडूला तीन नियम

१९९९ सालची गोष्ट. नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर जेवायला गेले, की पोरं दोन टीम करून बंदुकांचा गेम खेळायची. तिसगावहून नव्यानं आलेल्या वृषालीला अझीमनं आपल्या टीममध्ये घेतलं आणि बजावलं, "तीनच नियम हायेत. जोडीदाराला एकटं टाकून पळायचं न्हाई. जो पळाला, तो दुश्मन. आन् दुश्मन कुठं लपलाय ते दिसलं, की वरडून सांगायचं."

पाचव्याच मिनिटाला जिन्यात सरांचे बूट वाजले. वृषालीनं मान वर केली, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"एकटीच खेळत होतीस?" सरांनी दरडावलं.



वृषाली ताडकन उठून ओरडली, "सर, दोघं पडद्यामागं, एक कपाटाआड, आन् अझीम तुमच्या टेबलाखाली!"