सीलबंद पत्ता

धक्का अगदी किरकोळ होता, मागच्या दिव्याची काच तेवढी तडकली होती. तरी वृषाली घाईघाईने गाडीतून उतरली. दोन्ही गाड्यांच्या पडद्यांवर एकच प्रश्न उमटला होता: दावा की तडजोड?

मागच्या गाडीतून एक वयस्क गृहस्थ उतरले.

"काका, आपण इथेच मिटवू. तडजोडीवर बोट ठेवा," ती काकुळतीला आली. दोघांपैकी एकानेही दावा केला की न्यायालयाने सीलबंद केलेला तिचा पत्ता विमा कंपनीला आपोआप खुला होणार होता. मारकुट्या नवऱ्याला कळू नये म्हणून तीन वर्षांत तिने तो आईलासुद्धा सांगितला नव्हता.

"छे हो ताई! धडक मी दिली. तुमचं नुकसान करून असाच निघून गेलो, तर हे पाप कुठे फेडू?"

तिने त्यांचा हात धरेपर्यंत त्यांनी आपल्या गाडीत वाकून अंगठा 'दावा'वर टेकवलाही होता.

"आता निर्धास्त राहा," ते समाधानाने म्हणाले.

तिची गाडी गोड आवाजात बोलू लागली, "दावा नोंदवला. घरच्यांनी धीर द्यावा म्हणून तुमचा राहता पत्ता पॉलिसीवरच्या वारसाला, म्हणजे पती हेमंत यांना कळवला आहे."

गाव बदललं, नोकरी बदलली. ते एक नाव बदलायचं राहून गेलं होतं.

"त्यांचं उत्तरही आलंय," गाडी म्हणाली. "निघालोच."